दामूअण्णांच्या ओटीवरचं सुकाणू

दामूअण्णा नाखव्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि माझा कप रिकामा होऊन पाच मिनिटं झाल्यावर मग स्वतःचा उचलला. मला वाटलं, पाहुण्याचा मान राखतात. पुढं कधीतरी कळलं की त्या दिवशी दूध नव्या गवळ्याकडून आलं होतं.

नागावच्या शाळेवर माझी नेमणूक झाली ती साल सव्वीसच्या सुमारास. मी घाटावरचा. समुद्र तोवर चित्रात पाहिलेला. गावात पोस्टाची वेगळी कचेरी नव्हती, ते काम मास्तरनंच पाहायचं अशी रीत होती. त्यामुळे गावाच्या लेखी मी अर्धा मास्तर आणि अर्धा पोस्टमास्तर होतो. दामूअण्णांच्या लेखी मात्र मी सगळाच्या सगळा संशयित होतो. परक्या मुलखातला माणूस, एकटा, आणि लोकांची पत्रं त्याच्या हातात. आणखी काय हवं?

त्यांना लिहितावाचता येत नसे. पत्र आलं की पाकीट उजेडाकडे धरून आधी स्वतः बराच वेळ न्याहाळायचं, मग माझ्याकडून वाचून घ्यायचं, मग तेच पत्र भटजींकडून वाचून घ्यायचं, आणि दोन्ही वाचनांत एका शब्दाचाही फरक पडला की चौकशी सुरू. एकदा भटजींनी घाईत शेवटचे आशीर्वाद वाचलेच नाहीत. तर हे आशीर्वाद मूळचे का मास्तरनं घुसडलेले, हे ठरेपर्यंत त्यांनी मला तीन दिवस सुखानं जेवू दिलं नाही.

उंच, किडकिडीत अंग, गुडघ्याएवढं धोतर, खांद्यावर पंचा, आणि डावा डोळा कायम थोडा बारीक केलेला. नारळ-सुपारीची वाडी होती, तीत राबायचे मन लावून. संध्याकाळी काम संपलं की बेड्यापुढची, म्हणजे वाडीच्या फाटकापुढची रेती हिराच्या झाडूनं सपाट करायचे, म्हणजे सकाळी कोणाची पावलं उमटलीत ते वाचता यावं. एकदा खरोखरच एक परकं पाऊल निघालं. डावा पाय जरा आत वळलेला. दोन दिवस सगळ्या आळीचे डावे पाय तपासून झाले. तिसऱ्या दिवशी काशीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शांतपणे त्यांच्या जुन्या वहाणा आणून त्या पावलावर ठेवल्या. वहाणा बरोबर बसल्या. दामूअण्णांनी ते मान्य केलं, पण आपल्या वहाणा घालून दुसरं कोणी आलं असेल ही शंका काही सोडली नाही.

माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. मला पहिल्याच पावसाळ्यात हिवताप झाला, तेव्हा आठ दिवस पेज त्यांच्या घरून आली. रोज ती घेऊन ते स्वतः यायचे आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप खरा आहे ना ते पाहायचे. त्या माणसावर मला चिडताही येईना आणि न चिडता राहवेना.

त्यांच्या ओटीवर एक सुकाणू होतं. जुन्या गलबताचं, सागवानी, पुरुषभर उंच, तेल पिऊन काळं झालेलं. दसऱ्याला लोक आपापली अवजारं पुजतात, नाखव्यांच्या घरी या सुकाणूची पूजा व्हायची. सगळी आळी जमायची आणि घरातला कर्ता पुरुष मूळपुरुषाची गोष्ट सांगायचा. मूळपुरुष म्हणजे दामूअण्णांचे पणजे, रामजी नाखवा. स्वतःचं गलबत बाळगून मलबारापासून मुंबईपर्यंत मालाची ने-आण करायचे. एका वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या खेपेत नागावसमोर वादळानं गाठलं. गलबत फुटलं, वादळानं सुकाणू उपटून काढलं, आणि त्या सुकाणूला मिठी मारून एकटा रामजी किनाऱ्याला लागला. बरोबरचे नऊ खलाशी गेले. लाटांबरोबर मलबारी नारळ वाहून आले होते, ते त्यांनी रेतीत रुजत घातले, आणि इथंच राहिले. नागावातल्या निम्म्या वाड्या त्या नारळांच्या वंशातल्या, असं सांगतात. म्हणून नारळी पुनवेला गावचा पहिला नारळ समुद्राला वाहायचा मान नाखव्यांचा.

मला असल्या गोष्टींचं वेड. मी वही घेऊन गेलो. रामजी मूळचे कुठले, गलबताचं नाव काय, विचारू लागलो. दामूअण्णांनी डावा डोळा आणखी बारीक केला आणि विचारलं, हे कोणी लिहायला सांगितलं? कोणी नाही म्हटल्यावर तर प्रकरण जास्तच बिघडलं. कोणी न सांगता माणूस लिहितो म्हणजे काय? पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग मलाही शंका यायला लागली. दसऱ्याला जी गोष्ट शंभर माणसांसमोर हा माणूस सांगतो, ती एकट्याला सांगताना त्याच्या घशात का अडकते? संशय हा पडशासारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. मला तो चांगलाच लागला होता.

या सगळ्यात जीव टांगणीला होता तो कमळचा. कमळ त्यांची एकुलती एक. सतराची झाली होती, त्या काळात ते वय म्हणजे आईच्या डोळ्याला डोळा लागू नये असं. मुलगी नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण, पोहणारी. स्थळं आपणहून यायची आणि दामूअण्णा ती पळवून लावायचे. पहिल्या मंडळींनी मुलगी पाहताक्षणी होकार दिला. इतक्या लवकर हो म्हणतात म्हणजे मुलात खोट असणार, असं म्हणून हे सुपारीचे व्यापारी बनून त्यांच्या गावी गेले आणि विहिरीवरच्या बायकांकडे मुलाची चौकशी करताना त्याच्याच आत्याच्या हाती सापडले. दुसऱ्या मंडळींनी विचार करायला आठ दिवस मागितले. आठ दिवस कशाला लागतात, आमच्या मुलीत काय खोट काढताय, म्हणून यांनीच नकार कळवला. त्यानंतर वर्षभर कोणी फिरकलं नाही. काशीवहिनी पाणी भरायला जाताना बायकांच्या घोळक्यात जायच्या बंद झाल्या. कमळ कोणाशी काही बोलत नसे, पण तिच्याएवढ्या मुली बाळंतपणाला माहेरी आल्या की ती वाडीतून बाहेर येत नसे.

अशात एक पत्र आलं. दिघीजवळच्या उंडीची पाखाडी नावाच्या वस्तीवरून, हरी तांडेल नावाच्या म्हाताऱ्यानं लिहवून घेतलेलं. नातू महादेव मुंबईच्या बंदरात नोकरीला आहे, तुमच्या मुलीबद्दल रेवदंड्याच्या बाजारात चांगलं ऐकलं, पुढच्या आठवड्यात मुलगी पाहायला येऊ, घरही पाहू. बस्स.

दामूअण्णांचा चेहरा उतरला. मी त्यांना चिडलेलं शंभर वेळा पाहिलं होतं, घाबरलेलं तेव्हाच पाहिलं. उंडीची पाखाडी हे नाव त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "घर कशाला बगायचं? लगीन काय घराशी लावायचं हाय?"

ते नकार कळवा म्हणणार हे मी ओळखलं होतं. पण काशीवहिनी स्वतः शाळेत आल्या. पदर सावरत दारातच उभ्या राहिल्या आणि मला एवढंच म्हणाल्या की या म्हणून लिहा, आणि आजच्या टपालात टाका. मी लिहिलं, दामूअण्णांना न सांगता. आयुष्यात मी टपालात केलेला लबाडीचा प्रकार तो एवढाच.

पाहुणे आले त्या दिवशी दामूअण्णांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. मागाहून शब्द फिरवतील, तेव्हा नीट ऐकून ठेवा, असं बजावलं. हरी तांडेल पंचाहत्तरीचे असावेत. जन्म गलबतावर गेलेला. चालताना पाय फाकवून टाकत, पण नजर अशी स्थिर की समोरच्यानं आपली खाली घालावी. कमळला त्यांनी एकच प्रश्न विचारला, पोहता येतं का. ती येतं म्हणाली. म्हातारा हसला आणि नातवाकडे पाहून मान हलवली. मुलीची पाहणी तेवढ्यात आटोपली.

मग ते ओटीच्या टोकाला सुकाणूपाशी गेले, त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि दामूअण्णांना म्हणाले, गोष्ट सांगा की. आमी ऐकून हाय, तुमच्या तोंडून ऐकू.

दामूअण्णांनी सांगितली. दसऱ्याला सांगायचे तशीच, शब्दाला शब्द. वादळानं सुकाणू उपटून काढलं, इथवर आले तेव्हा म्हाताऱ्याचा हात सुकाणूच्या कडेला लावलेल्या लोखंडी आकड्यांवर थांबला. हे आकडे गलबताच्या मागच्या अंगाला असलेल्या कड्यांत अडकवतात, आणि सुकाणू काढायचं तर सरळ वर उचलून काढावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

"आकडे वाकलं न्हाईत," हरी तांडेल म्हणाले. "लाकूडबी चिरलं न्हाय. वादळानं उपटलेलं सुकाणू मी बगितलंय, नाखवे. असं नसतंय त्ये. ह्ये मानसानं उचलून काढलंय."

मग त्यांनी त्याच आवाजात सांगितलं की आपला पणजा त्या गलबतावर होता.

दामूअण्णा ताडकन उभे राहिले. मला ठाऊकच होतं, तुम्ही मुलगी बघायला आलाच नव्हता, असं काहीबाही बोलू लागले. माझ्याकडेही बोट केलं. मी, भटजी, रेवदंड्याचा बाजार, सगळे एका कटात होतो. म्हाताऱ्यानं ते सगळं संपू दिलं. मग म्हणाले, "पोरगी बगाया आलो ह्ये खरं. आन ह्ये बगाया आलो ह्येबी खरं. पोरगी पसंत हाय. पन सोयरीक खोट्यावर नको." आणि पागोटं उचलून उठले.

तेव्हा आतल्या दारातून काशीवहिनी बाहेर आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या कधी बोलत नसत.

"सांगा त्यांला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बावीस वर्सं मी तुमच्याबरुबर दाराला कडी लावतंय. आत काय लपवलंय त्ये मलाबी कळू दे."

दामूअण्णा खाली बसले. सुकाणूकडे पाठ करून बसले आणि सांगू लागले. नाखव्यांच्या घरात दोन गोष्टी होत्या. एक दसऱ्याला सांगायची, आणि दुसरी बापानं मरताना थोरल्या मुलाला सांगायची. दामूअण्णांना मुलगा नव्हता. दुसरी गोष्ट त्यांच्याबरोबरच जायची होती.

रामजी नाखवा संशयी होता. सगळे खलाशी उंडीच्या पाखाडीचे, तो स्वतःही तिथलाच. पावसाळा तोंडावर आला होता, घर एका दिवसाच्या वाटेवर होतं, आणि खलाशी घाई करत होते. रामजीला मात्र नागावला उतरून एका व्यापाऱ्याला भेटायचं होतं. आपण उतरलो की हे गलबत घेऊन घरी निघून जातील, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून त्यानं भर दुपारी, वारा पडलेला असताना, सुकाणूच काढून होडीत घातलं आणि एकटा वल्हवत किनाऱ्याला आला. गलबताला एवढी एकच होडी होती. सुकाणू जड. एकट्याला उचलेना, तेव्हा खलाशांनीच हसतहसत ते उतरवून त्याच्या होडीत ठेवून दिलं. नाखव्याचा स्वभाव त्यांना माहीत होता. दिवस मावळायच्या आत वादळ उठलं, नांगर सुटला, आणि त्या नऊ जणांपाशी ना सुकाणू होतं ना होडी. किनाऱ्यावरून रामजीला गलबत गरगरत बाहेर ओढलं जाताना दिसत होतं. घरी कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून तो इथं राहिला.

"त्यांच्या मनात तसलं कायबी नव्हतं," दामूअण्णा म्हणाले. "पनज्यालाबी त्ये ठावं व्हतं. तरी काढलं."

काशीवहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला आणि आत जाऊन पाणी आणलं, आधी नवऱ्याला दिलं. मग हरी तांडेलांनी विचारलं की त्या नऊ जणांची नावं तुमच्याकडं आहेत का. दामूअण्णा म्हणाले, आहेत, नऊच्या नऊ आहेत, गोष्टीबरोबर तीही देतात. सांगा मग, म्हातारा म्हणाला.

एवढं सगळं बोलून गेलेल्या माणसाचा डावा डोळा पुन्हा बारीक झाला. "तुमी त्यातल्या एकाचं. मी नऊंची नावं तुमालाच का म्हनून सांगू? ज्याची त्याला सांगीन."

हरी तांडेल मोठ्यानं हसले. मंग आमच्याकडं या, म्हणाले, येत्या पुनवेला या, सगळ्यांसमोर सांगा, आणि परत जाताना लग्नाची तिथी घेऊन जा.

पुनवेपर्यंत दामूअण्णांनी घरात कोणाला झोपू दिलं नसेल. हा सापळा आहे, तिथं नेऊन चारचौघांत जोडे मारतील, मग लग्नही मोडतील, असं दिवसातून दहा वेळा मला येऊन सांगायचे. न जाण्याबद्दल मात्र एकदाही बोलले नाहीत. कमळ परसात भांडी घाशीत असायची, तिच्याकडे बघत राहायचे आणि उठून जायचे. शेवटी मला बरोबर घेऊन निघाले. वाटेत कोणाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. आगरदांड्याहून दिघीला जायच्या तरीत, म्हणजे उतारूंच्या होडीत, ते बरोबर सुकाणू धरलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसले आणि खाडी ओलांडेपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिले.

पाखाडीवर हरी तांडेलांच्या अंगणात साठसत्तर माणसं जमली होती. दामूअण्णांनी मला मागं बसायला सांगितलं, कोण हसतं ते टिपून ठेवा म्हणाले. कोणीच हसलं नाही. त्यांनी गोष्ट सांगितली, एक शब्द न चुकवता, आपल्या पणज्याला कुठंही न वाचवता. गर्दीतून एक तरणा माणूस काहीतरी कडवट बोलला, त्याला म्हाताऱ्यांनी गप्प केलं. मग दामूअण्णांनी नावं घ्यायला सुरुवात केली. राघो. एक माणूस उठला, आमचा, म्हणाला, आणि बसला. बाळू. सोमा. धर्मा. दरवेळी कोणी ना कोणी उठायचं. गोमा म्हटल्यावर हरी तांडेलांनी हात जोडले. नथू म्हटल्यावर मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी माणसांतून वाट काढत पुढं आली आणि परत म्हणा म्हणाली. तिच्या घरात गलबतावर गेलेल्या त्या पूर्वजाचं नावच कोणाला ठाऊक नव्हतं. शंभर वर्षं पितृपक्षात त्याला 'दर्यावरचा आजा' एवढंच म्हणून घास ठेवत होते. दामूअण्णांनी तिला ते नाव पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी वहाणा नीट करायला वाकलो.

शेवटचं नाव लखमा. कोणी उठेना. दामूअण्णांनी ते दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग हरी तांडेल म्हणाले की ते घर बुडालं, त्याचं आता कोणी नाही.

दामूअण्णा खाली बसत म्हणाले, "मंग ह्ये माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

कमळचं लग्न त्याच वैशाखात झालं. त्या साली नारळी पुनवेला दामूअण्णांनी पहिला नारळ वाहिला नाही, मान सोडला आणि का सोडला तेही विचारील त्याला सांगितलं. गावात दोन-तीन वर्षं कुजबुज चालली. सुकाणू मात्र त्यांनी ओटीवरून हलवलं नाही, पूजाही मोडली नाही, फक्त दसऱ्याला सांगायची गोष्ट बदलली. संशय गेला म्हणाल तर छे. जावयाचं पहिलं पत्र आलं तेही भटजींकडे जाऊन आलंच. तीसच्या आसपास माझी अलिबागेला बदली झाली आणि पुढं भेटी तुटल्या. ते गेल्याचं मला महिन्यानं कळलं.

पण त्यांचं नाव निघालं की मला दिघीची ती सकाळ दिसते. परत निघायच्या आधी त्यांना समुद्रात उतरून त्या नऊ जणांना पाणी द्यायचं होतं. सदरा, पंचा, वहाणा काढून माझ्यासमोर ठेवल्या, हलू नका म्हणून बजावलं, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. एकेक नाव घ्यायचे, ओंजळ सोडायचे, आणि लगेच मान वळवून बघायचे, कपडे आहेत का, मी आहे का. मला हसूही येत होतं आणि रागही. आठ नावं झाली, आठ वेळा वळून पाहून झालं. मग त्यांनी लखमाचं नाव घेतलं, ओंजळ सोडली, आणि हात जोडून उभे राहिले. पाणी चढत होतं, तरीची माणसं मला हाका मारत होती. दामूअण्णा खूप वेळ तसेच उभे होते आणि त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.